लेकीच्या घरचं पाणी

॥ श्री ॥

तांडापेठ, नागपूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
जागेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी मी एक गोष्ट केली, ती आधी सांगतो. दामिनीच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण लेकीच्या स्वयंपाकघराचा उंबरठा मी कधी ओलांडला नव्हता. काल ओलांडला आणि तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो आहे.

कुहीहून पहिल्या गाडीने तांदळाची थैली घेऊन आलो होतो. नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, माझी पाण्याची बाटली पायाशी. तिथून आतलं सगळं दिसतं. जावईबापूंचा डबा झाला, हेमराज बुटीबोरीला कारखान्यात गेले. उन्नतीचा डबा झाला, वेण्या झाल्या, तिला शाळेच्या ऑटोत बसवून झालं. मग दामिनीने रात्रीची अर्धी पोळी चहात बुडवून उभ्याउभ्या खाल्ली आणि लगेच दुपारच्या पोळ्या लाटायला घेतल्या. सातवा महिना लागला आहे तिला. उन्नतीच्या वेळी ती आमच्याकडे होती, तेव्हा अनुसया ताट वाढून तिच्यासमोर बसून राहायची. दुसरं बाळंतपण सासरी, ही आपली रीत. पण सासरी करणारं कोण आहे? विहीणबाई गेल्या वर्षी वारल्या. अनुसया न्हाणीत घसरल्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर घालून खाटेवर आहे, तिचं सगळं सूनच करते.

दामिनीचं रक्त नऊवर आलं आहे. महिनाभरात वजन तसूभर वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिवसातून चार वेळा बसून जेवायचं, सकाळ-संध्याकाळ चालायचं, नुसतं लोळायचं नाही. आणि वजन असंच राहिलं तर पोटातल्या जिवाची वाढ अडेल, मग दवाखान्यात भरती व्हावं लागेल. हे तिने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

गिरणीवरचा धानाचा हंगाम संपत आला आहे, मालकांनी सुटी दिली. तिची सुटका होईपर्यंत मी इथेच राहून रांधणार आहे. बाहेरच्या खोलीत झोपायची सोय आहे. प्रश्न एकच, माझ्या अन्नपाण्याचा. लेकीच्या घरचं पाणी नाही, हा आपल्या अप्पांचा नेम. इतरांकडे नातवंड झालं की तो सुटतो. अप्पांनी तुझ्या घरी शेवटपर्यंत पाळला. मी तांदूळ, डाळ, तिखट, मीठ सगळं कुहीहून आणलं आहे. त्यातून माझ्यापुरतं शिजवलं तर ते माझंच अन्न झालं, असं मला वाटतं. पण गॅस जावयांचा आहे. तू काय म्हणतेस ते कळव.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा धाकटा,
जागेश्वर


॥ श्री ॥

उमरेड
९ फेब्रुवारी

चि. जागेश्वर यास मनकर्णाचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पोरीच्या हातचं लाटणं घेतलं ते बरं केलं. पण तू देवळातल्या पंगतीचा आचारी. दोनशे माणसाचं वरण तुले डोळे मिटून जमते, तीन माणसाचं कसं रांधशील गा? मीठ मुठीनं घेऊ नको, चिमटीनं घे.

आता तुह्या सवालाचं. तांदूळ तुहा, डाळ तुही, ठीक हाय. पण गॅस जावयाचा, गंज-भांडी जावयाची, आणि नळाचं पाणी त्याच्या घरात पडलं की त्याचंच झालं. असं उरलं काय तुहं? चिमटीभर मीठ. त्यानं पोट भरते काय? अप्पा माह्या घरी तीस वर्स येत होते, पाण्याचा घोट घेतला नाई. सारं उमरेड जाणते. माही सासू कोणाचं चांगलं बोलत नव्हती, ते बी म्हणे की बाप असावा तर असा. आपल्या घराचं तेवढंच एक नाव हाय, ते सांभाळ. जेवाचं कुठं ते तू पाह्य, नागपुरात खानावळी कमी नाईत.

दामिनीले चालू दे, भिऊ नको. माह्या दोन्ही वेळेस मी नवव्या महिन्यापर्यंत गल्लीत मागाचा ताणा पसरून सुताले खळ लावत होती, या टोकाहून त्या टोकाले, दिवसभर. शेवग्याचा पाला वरणात टाकत जा. भिवापुरी मिरची धाडली असती, पण तिले आता जळजळ होईन.

सांभाळून राह्य, आणि बहिणीले असंच इचारत जा.

मनकर्णा


॥ श्री ॥

तांडापेठ, नागपूर
२८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
दामिनीचा सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. ते उन्नतीला आणायला कोपऱ्यापर्यंत गेले आहेत, तेवढ्यात लिहून टाकते.

आधी गमतीचं. पहिल्या दिवशी बाबांनी वांगं-आलूची भाजी केली, ती आम्ही खाल्ली, खालच्या घरमालकांनी खाल्ली, समोरच्या तिन्ही घरांनी खाल्ली, तरी गंजात पळीभर उरली. आता आई रोज सकाळी खाटेवरून फोनवर माप सांगते आणि बाबा हो हो म्हणून त्याच्या दुप्पट घेतात. भाकरी मात्र सुरेख करतात, मलाही इतकी गोल जमत नाही. आणि एवढं सगळं करून, मला वाढून, हात धुऊन, चपला घालून ते चौकातल्या खानावळीत जेवायला जातात! तिथली भाजी तेलकट असते, वरण पाणचट असतं, हे स्वतःच सांगतात. खानावळवाल्याने एकदा विचारलं म्हणे, की काका, घरी सून रांधत नाही काय. बाबा म्हणाले की घरी मीच रांधतो. तेव्हापासून तो त्यांना जरा जास्त वाढतो.

यांनी एक तोड काढली होती. बाबांनी कुहीहून आपली शेगडी आणि गंज आणावा, गॅलरीत मांडावा, म्हणजे अन्न सगळं त्यांचं झालं. हे थट्टेनं बोलले होते, बाबांनी मनावर घेतलं. शेगडी आली, गंज आला, पाण्याची मोठी कॅनसुद्धा आली. तिसऱ्या दिवशी कॅनमधलं पाणी संपलं आणि बाबा पुन्हा खानावळीत.

चालणं रोज होतं. गांधीबागेत सकाळी सहाला जातो. ते देवाचं नाव घेत चालतात, त्यामुळे फेऱ्यांची मोजणी चुकते आणि मला एक फेरी जास्त पडते. बाकावरच्या बायका मला हसतात, की दुसऱ्या वेळेस कोणी इतकं कौतुक करत नाही, तुझं नशीब. खरंच आहे. उन्नतीच्या वेळी ओटी भरायला सगळे आले होते. या वेळी मला सगळं येतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं, मीसुद्धा.

पण आत्या, मला जेवण जात नाही. बाबा समोर स्टुलावर बसतात, हात मांडीवर ठेवून. मी दोन घास खाल्ले की माझी नजर त्यांच्या पायाशी ठेवलेल्या बाटलीवर जाते. मी जितकी सावकाश जेवीन तितके ते उपाशी, म्हणून भराभर उरकते, अर्धं ताटात टाकते. परवा महाशिवरात्रीला त्यांचा निरंकार उपवास होता. ते कुठेच जेवणार नव्हते, तर त्या दिवशी मी पोटभर जेवले. काल दवाखान्यात वजन केलं. पंधरा दिवसांत पाव किलो. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या की आणखी पंधरा दिवस पाहीन, मग भरती करीन. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. घरी येऊन त्यांनी जास्तीची भाजी केली.

मी तुम्हाला त्यांचा नेम मोडवायला सांगत नाही. त्यांना मी एकदा म्हटलं, तर ते म्हणाले की अक्काने नाही म्हटलं आहे. मला फक्त एक विचारायचं आहे. आजोबा तुमच्या दारात असे बसायचे, तेव्हा तुम्ही काय करायच्या?

लोभ असावा म्हणत नाही, तो आहेच. तो कमी करू नका.

तुमची,
दामिनी


॥ श्री ॥

उमरेड
५ मार्च

चि. जागेश्वर यास आशीर्वाद.

दामिनीनं मले पत्र लिवलं. तुले न सांगता लिवलं, मी सांगून राहिली. तिच्यावर रागावू नको. तिनं मले इचारलं की अप्पा दारात बसत तवा मी काय करो. आजवर हे कोणी इचारलं नाई. तूबी नाई.

अंकित पोटात होता तवाची गोष्ट. माहं दुसरंच बाळंतपण. जेठाचं ऊन, अप्पा बस अड्ड्यापासून पायी आले, खांद्यावर तुरीच्या डाळीचं गाठोडं. ओट्यावर टेकले. ओठ सुकून पांढरे झाले होते. मी लोटा भरून उंबऱ्याच्या आत ठेवला. दरवेळी ठेवो. नुसता दिसन असा ठेवो. अप्पानं पाह्यलं, हसले, अन् रस्त्यापलीकडच्या सरकारी नळाले तोंड लावलं. मी दारातून पाहत होती. नळ बंद होता. मंग ते तसेच परत गेले.

ते गेल्यावर तो लोटा मले पिववला नाई. जास्वंदीले ओतला. तीस वर्स मी तेच केलं. आणि बाहेर चार बायकांत बसली की छाती फुगवून सांगो, माह्या बापानं माह्या घरचं पाणी बी घेतलं नाई. ते बी खरं होतं. मले दोन्ही खरं वाटे.

आता तू मले हो म्हण म्हणशील. मी तसं नाई म्हणत. हो म्हटलं तर अप्पाची तीस वर्साची तहान वाया गेली, असं मले वाटन. नाई म्हटलं तर पोरीचं नुकसान. म्हून यावेळी मी काहीच म्हणत नाई. पहिल्या पत्रात म्हटलं ते बी माघारी घेते. तू पन्नाशीले आला, आता बहिणीच्या पदराआड लपू नको.

तू काय करशील ते मले लिव. जे केलं असन ते लिव. माही माया त्यावर टांगलेली नाई.

मनकर्णा


॥ श्री ॥

तांडापेठ, नागपूर
१२ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास,
जागेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. दोन दिवस सकाळी दिवा लावला की ते देवापुढे ठेवत होतो. देव काही बोलला नाही. तो सहसा बोलत नाही, आपणच बसल्या बसल्या शांत होतो.

अप्पा सरकारी नळावरून तसेच परत आले, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते घरी पोचल्यावर मीच त्यांना पाणी दिलं असेल. दोन तांबे प्यायले असतील. मी दहा-अकरा वर्षांचा, मला काय कळणार? पण त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. तुझ्या सासरी तेव्हा एका मागावर नऊ तोंडं होती. पाहुणा जेवला की सुनेच्या ताटातलं कमी होई. बाप जेवला तर लेक अर्धपोटी राहील, म्हणून ते उपाशी परत गेले. पाण्याचा नेम त्याच्या मागोमाग आला असेल. पाणी घेतलं की गूळ घ्या, गूळ घेतला की दोन घास घ्या. तुझ्या ताटातलं कमी होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. मग मी इथे काय करत होतो? मी जेवत नव्हतो म्हणून माझ्या लेकीच्या ताटातलं उरत होतं. मी अप्पांसारखा बसत होतो, पण घडत होतं ते उलटंच. हे समजायला मला सव्वा महिना लागला आणि तिला पाव किलोवर अडावं लागलं, याचा मला त्रास होतो.

तरी सोमवारी मला जमलं नाही. ताटं दोन घेतली, एक परत फळीवर ठेवलं. दामिनीने ते पाहिलं असावं. मी चपला घालून खानावळीत गेलो आणि तिथे मला जेवण गेलं नाही.

आणखी एक माझ्या मनात घोळत होतं. मी रांधलेलं मीच खाल्लं, तर पुन्हा तीच पळवाट झाली. डाळ माझी, हात माझा. म्हणून काल गांधीबागेतून परत येताना मी दामिनीला म्हणालो की आज मी ओट्याला हात लावणार नाही, आज तू रांध, मला तुझ्या हातचं जेवायचं आहे. ती रस्त्यातच थांबली. मागून एक ई-रिक्षावाला घंटी वाजवत होता, तरी बाजूला होईना. मग म्हणाली, बाबा, चेष्टा करत असाल तर मला आत्ताच सांगा. मी म्हणालो की चेष्टा नाही. त्यावर ती इतक्या झपाट्याने घराकडे निघाली की मलाच हळू चाल म्हणून सांगावं लागलं.

तिने जावईबापूंना फोन केला. त्यांनी पाळी बदलून घेतली नाही, पण दुपारच्या सुटीत तीनदा फोन करून विचारलं, की झालं का, बसले का, घेतला का घास. अनुसयालाही तिनेच कळवलं. ती फोनवर म्हणाली की वरणाला हिंग घाल, त्यांना आवडतो. दामिनीने खुर्चीवर बसून मेथी निवडली, भाकरी थापल्या, फोडणीचं वरण केलं, भात लावला. मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो, एक ओळ वाचली असेल तर शपथ.

मग दोघं समोरासमोर बसलो. मी घासाला हात लावण्याआधी तिच्याकडे पाणी मागितलं. माझी बाटली मी सकाळीच रिकामी करून ठेवली होती. तिने माठातून पेला भरला, पदराने बाहेरून पुसला, आणि माझ्या हातात देताना थोडं माझ्या सदऱ्यावर सांडलं. मी प्यायलो. पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. दुसराही प्यायलो. अक्का, त्यातला एक मी अप्पांच्या नावाने प्यायलो, असं म्हणालो तर तू हसशील. पण तसंच मनात होतं.

नंतर जेवलो. मीठ जास्त झालं होतं, तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या, भात घेतला, वरण परत मागून घेतलं. ती माझ्याकडे पाहून जेवत होती. बोलता बोलता तिनेही दोन भाकरी संपवल्या, वरून भात. ताट पुसून ठेवलं.

आज सकाळीही तिच्या हातचा चहा घेऊन चालायला गेलो. रांधणं आता पुन्हा माझ्याकडे आलं आहे. फक्त ताटं दोन लागतात, आणि पाणी तीच देते.

तू लिहायला सांगितलंस म्हणून जसं घडलं तसं लिहिलं. मोठी बहीण म्हणून रागावायचं असेल तर रागाव, पण जीव लावणं सोडू नकोस.

तुझा,
जागेश्वर