झाकणातले संथ पंखे

४ एप्रिल

टाकीतलं पाणी एकतीस डिग्री! मासे वर येऊन नुसती तोंडं उघडमीट करताहेत. मासे यांचे, आणि हे इस्पितळात. मला मेलीला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

भेटायला गेले तर यांचा पहिला प्रश्न, ‘पाणी किती आहे?’ अठ्ठावीस, म्हणून ठोकून दिलं.

५ एप्रिल

माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘काकू, झाकणात पंखे बसवा. पाण्यावरून वारा गेला की गार होतं.’ दोन प्रकार दाखवले. एक छोटा, जोरकस. तासाभरात फरक पडेल म्हणे, पण चालू केला आणि कानाशी डास! दुसरा तळहाताएवढा, संथ. आवाज जवळजवळ नाहीच. गार करायला मात्र वेळ लावणार.

‘मासे वाचवायचेत ना? मग जोरकस न्या.’

यांचा पलंग टाकीला लागून. सकाळीच डॉक्टर म्हणाले, ‘या आठवड्यात घरी न्यायला हरकत नाही.’ जिना उतरताना माझी मीच हसत होते. इतक्या दिवसांनी माणूस घरी येणार, त्याला झोप नको?

काहीच न घेता परत आले.

६ एप्रिल

मोठा मासा कलंडलाय. ठरव बाई काय ते!

७ एप्रिल

संथच आणले — पण दोन. सुताराने झाकणाला भोकं पाडून बसवून दिले. ‘एवढा खटाटोप माशांसाठी?’ म्हणाला. माशांसाठी नाही रे बाबा.

संध्याकाळी तीस. देवा, उतर लवकर.

९ एप्रिल

अठ्ठावीस! खरंखुरं अठ्ठावीस! मोठा मासा सरळ पोहतोय.

पण टाकी गळतेय! पाणी दोन बोटं खाली. जुनी काच, सांधा सुटला असणार. पलंग एकटीने ओढला, खाली चादरी अंथरल्या, कंबरेचे हाल झाले. चादरी कोरड्या ठणठणीत! दुकानदाराला फोन केला तर हसत सुटला. ‘अहो काकू, पाणी उडून जातं. म्हणून तर गार होतं! रोज वरून थोडं घालायचं.’

घ्या! इतकी वर्षं घरात मासे, आणि ही माझी अक्कल.

यांना सांगितलं. खूप हसले, हसता हसता धाप लागली. मग माझा हात धरून बसले, सोडेचनात. नर्स आली तरी सोडला नाही. मीच लाजले.

१० एप्रिल

उद्या घरी! पलंग परत टाकीशी सरकवला, पंखे चालू ठेवून त्यावर पडून पाहिलं. कान देऊन ऐकलं तरच कळतं. माझी निवड चुकली नाही.

११ एप्रिल

आले. उशीला टेकल्या टेकल्या टाकीकडे बघितलं.

‘पंखे चालू आहेत?’

‘आहेत की!’

‘आवाजच नाही गं.’

मी फुशारकीने सांगितलं, मुद्दाम असले निवडलेत, तुम्हाला शांत झोप लागावी म्हणून. उन्हाळाभर आता काळजी नाही.

मोठ्या माशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मासे त्या दुकानदाराला देऊन टाक. पंख्यांसकट. माझ्यामागे तुला एकटीला झेपायचं नाही.’

आता इलाज उरला नाही म्हणून डॉक्टरांनी घरी सोडलं, हे यांना आधीच ठाऊक होतं. मला सांगू नका, असं यांनीच त्यांना सांगितलं होतं.