वच्छलाबाईंच्या जागी भिकुबाई

पारोळा, १९८७

३ फेब्रुवारी
आजपासून मी पेंटर नाही, आर्टिस्ट. बोर्डावरचं ‘मगन पेंटर’ पुसून ‘मगन आर्ट्स’ लिहिलं. डिक्शनरी पाहिली. आर्ट म्हणजे कौशल्य. शिवाय निसर्गाने नव्हे, माणसाने घडवलेली वस्तू. कॉलेजातही आर्ट्स असतं, त्यात मी नापास झालो, पण तो अर्थ वेगळा. आर्टिफिशियल याच घराण्यातला शब्द. तो वगळून पुढे गेलो.
संकल्प: ट्रकवर नंबर लिहिणं बंद.

५ फेब्रुवारी
ट्रकवर नंबर लिहिला. ड्रायव्हर ओळखीचा होता.
नंतर अभिमन आला. त्याची आई वच्छलाबाई गेल्या वर्षी वारली. वर्षश्राद्धाला भिंतीवर तसबीर हवी, पण बाईने जन्मात फोटो काढला नाही. म्हणाला, मावशी भिकुबाई बठ्ठी आईसारखीच शे, तिलेच बसाडा. म्हणजे हुबेहूब आईसारख्या मावशीलाच समोर बसवायचं. म्हटलं, फोटोग्राफरला जमणार नाही, आर्टिस्टला जमेल.

९ फेब्रुवारी
भिकुबाई बसल्या. मेलेल्या बहिणीच्या जागी बसायचं म्हणून घाबरलेल्या. समजावलं की आर्टमध्ये समोर कोण बसलंय याला महत्त्व नसतं. त्यांनी विचारलं, मंग मी कोठे जासू? प्रश्न अडाणी होता. मान सरळ ठेवा म्हटलं.

१३ फेब्रुवारी
चित्र पूर्ण. डोळे अप्रतिम. भर दुपारी पाठ करून बसलो तरी मानेवर नजर जाणवते. ही यशाची खूण. चित्रावर वर्तमानपत्र टाकलं. धुळीसाठी.

२० फेब्रुवारी
श्राद्ध. तसबिरीला हार घातला, बाया ओक्साबोक्शी रडल्या. भिकुबाई उठून म्हणाल्या, मी जित्ती शे, हार काढा. पूजेतला हार काढायला कोणी धजेना. त्या न जेवताच गेल्या. आर्टचा परिणाम असाच व्हायला हवा.

४ मार्च
भिकुबाई रोज येऊन दुकानाच्या बाकावर बसतात. आज बोलल्या: मना चेहरा माले परत दे. तसबिरीत तुमचा चेहरा राहणार नाही, नाक बदलून देतो म्हटलं. उद्या नक्की.

११ मार्च
नाक राहिलं. कामं फार, दोन ट्रक.
बाक रिकामा होता. बरं वाटलं. दुपारी कळलं, भिकुबाई सकाळीच तापाने गेल्या. अभिमनला विचारलं, आता त्यांची तसबीर? म्हणाला, दुसरी कशाले? तीच शे ना. हार बी शे.
मला भीती वाटली. लिहून ठेवलं, म्हणजे गेली.

२ एप्रिल
समोर बसायला कोणी येत नाही. बाया पोरं घेऊन रस्त्याच्या पलीकडून जातात. म्हणे, मगनसमोर बसला तो गेला! शुद्ध अज्ञान. उपाय सापडला: स्वतःचंच चित्र काढून दुकानात लावायचं. सलूनवाल्या बन्सीलालकडून मोठा आरसा आणला.

८ एप्रिल
आरसा अजून भिंतीकडे तोंड करून आहे. काच खराब होऊ नये म्हणून. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

९ एप्रिल
आरसा परत केला. उजेड बरोबर नव्हता.