भरलेल्या बाटलीवरचं माप

ती. आईस,

पायांवर डोकं ठेवून आधी बातमी सांगते: जमलं!

औषधाच्या बाटलीवरची चिप लावलेली चिठ्ठी मशीनने दुरून ओळखायला हवी. रिकाम्या बाटलीवर ती बोलायची, भरलेल्या बाटलीवर मुकी. या वेळी फसलं असतं तर काम माझ्याकडून काढून घेणार होते. तुला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं.

मग तुझं शिवणातलं बोलणं आठवलं, "हँगरवर नाही गं, अंगावर माप घे." चिठ्ठीतली अँटेना म्हणजे तांब्याची नागमोडी पट्टी. आम्ही तिचं माप हवेत घेत होतो, पण पाण्याजवळ ती लांब असल्यासारखी वागते. मी ती भरलेल्या बाटलीवरच चिकटवली आणि टोकं जराजराशी कातरत गेले.

आज बाटल्यांचं अख्खं खोकं मशीनच्या दारातून नेलं. एकूण एक बाटली बोलली! साहेब म्हणाले, "परत करून दाखवा." मी म्हटलं, "सकाळपासून तेच करतेय, पण दाखवते." पुन्हा सगळ्या बोलल्या. काम माझ्याकडेच राहिलं!

तुझे डोळे कसे आहेत? सुईत दोरा कोण ओवून देतं?

एक राहिलं. तांबं मी इकडे आणलेल्या तुझ्या कापडाच्या कात्रीने कातरलं. धार गेली. आता हवं तेवढं ओरड.

तुझं शेंडेफळ