डी ड्राइव्हवरचा आवाज

१७ नोव्हेंबर २००४, बुधवार
मालतीचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. डॉक्टरांनी आज स्वतः सांगितलं. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. ऑपरेशन सोमवारी.
मालती तिच्या त्या फाटलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे रविवारपर्यंत काय भांडायचं ते भांडून घ्या." डॉक्टर हसले. मला जमलं नाही.
पुढे यंत्र लावून बोलता येतं म्हणे. पण तो आवाज यंत्राचा.
सोनलला वाघोलीला फोन केला. पोरीला सातवा महिना, म्हणून हळूहळू सांगायचं ठरवलं होतं. एका वाक्यात सांगून मोकळा झालो. मथळ्याची सवय.

१९ नोव्हें., शुक्र.
मालतीची कल्पना: नातवंडाला आजीचा आवाज माहीत असला पाहिजे. पुतण्या शेखर लग्नांचं शूटिंग करतो, त्याला कॅमेरा घेऊन बोलावलं. मालतीने शाळेत सांगायची त्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, मध्ये मध्ये पाणी पीत. मुलगा की मुलगी माहीत नाही, म्हणून एकदा "अरे सोन्या" आणि एकदा "अगं सोने". शेवटी "अभ्यासाला बस, नाहीतर आजोबांसारखा पेपरात जाशील."
शेखर कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होता. मी टाचणं काढत बसलो. हाताला काहीतरी काम हवं होतं.

२१ नोव्हें., रवि.
टेपांवरचं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, डी ड्राइव्हवर. पण फाइलचे आपोआप तुकडे पडले. कोल्हा झाडाखाली आला आणि तुकडा संपला. काय म्हणाला ते पुढच्या तुकड्यात. मालती चिडली. "मी काय बातमी आहे? उर्वरित पान सहावर?"
जावईबापू प्रशांत आले होते. अमरावतीचे, आयटीत. म्हणाले, "बाबा, तुमची डी ड्राइव्ह फॅट-३२ आहे ना. जुनी पद्धत. चार जीबीच्या वर एक फाइल घेतच नाही ती. एनटीएफएस करून टाकू, ती नवी पद्धत. मग पाहिजे तेवढी मोठी फाइल ठेवा."
"आतलं जातं का?"
"एक कमांड आहे. आतलं तसंच राहते."
"कधीच जात नाही?"
"सहसा नाही जात."
सहसा. बातमीच्या कॉपीत हा शब्द दिसला की मी खोडायचो. घडतं की नाही ते सांगा. आज खोडता आला नाही. शिवाय म्हणाले, एकदा एनटीएफएस केली की तीच ड्राइव्ह परत फॅट करता येत नाही, सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं. म्हटलं, मग राहू दे तूर्त. घरात एवढं एक न परतणारं पुरे.

२२ नोव्हें., सोम.
आत नेलं. स्ट्रेचरवर असताना मला जवळ बोलावलं. वाटलं काही शेवटचं बोलेल. म्हणाली, "गॅस नीट बंद केलात ना?"
झालं. सगळं नीट झालं म्हणतात.

२७ नोव्हें., शनि.
नळीतून जेवण. झोप बरी.
शेखर भेटायला आला. टेपांचं विचारलं, तर म्हणे, "काका, तुमच्या कॉम्प्युटरवर आलंय ना सगळं? तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू. कालच्या कार्याला त्याच टेपा वापरल्या." दवाखान्याच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्याचं काही चुकलं नाही, मी आलंय म्हणालो होतो.
म्हणजे आता मालतीचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या टेबलाखाली.

४ डिसें., शनि.
घरी आणलं. शाळेतली पाटी माळ्यावरून काढली. पहिलं वाक्य: "पडदे कोणी धुतले नाहीत वाटतं."
दुपारी कॉम्प्युटर लावून एकच तुकडा ऐकवला. मालती गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून ऐकत राहिली. मग तुकडा तुटला.

७ डिसें., मंगळ.
रविवारी सोनलचं डोहाळजेवण, आमच्याकडेच. मालतीची इच्छा आहे की सगळ्या बायकांसमोर ते सलग लागावं. पाटी: "अखंड. जाहिराती नकोत."
म्हणजे तुकडे जोडायचे, म्हणजे ड्राइव्ह एनटीएफएस करायची. प्रशांत म्हणाले, "बाबा, शनिवारी मी रिकामी डिस्क आणतो. आधी कॉपी करू, मग हात लावू. तोवर थांबा ना." शनिवारी कॉपी, मग बदल, मग जोडणी, मग डीव्हीडी, आणि रविवारी सकाळी पाहुणे. बसत नाही. आयुष्यभर पेपरचं पान वेळेत छपाईला सोडलं. शनिवारपर्यंत थांबायला मन तयार नाही.
गुरुवारी करतो. कमांड लिहून घेतली आहे.

९ डिसें., गुरु.
सकाळचा पेपर नीट पाहिला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, पण बुधवार-गुरुवारच्या अंकात भागांची नावं असतात. कालच्यात नाही, आजच्यात नाही. सूचना नाही म्हणजे वीज आहे, हे मी गेली कितीतरी वर्षं धरून चालतो.
कमांड दिली. ओळी सरकायला लागल्या. मालती शेजारी बसून शेंगा सोलत होती.
पंखा थांबला.
यूपीएस ओरडायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी, जेमतेम बंद करण्यापुरती टिकते. पण मध्येच बंद करायचं नाही असं लिहिलेलं. मी नुसता बघत राहिलो. मग पडदा काळा.
वीज आल्यावर डी ड्राइव्हवर क्लिक केलं. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का, असं विचारतो. चुकून 'हो' दाबलं जाईल म्हणून माउस सोडून 'नाही' कीबोर्डवरून दाबलं.
मालतीला म्हटलं, वेळ लागतोय.
पेपरच्या ऑफिसात देशपांड्यांना फोन केला. ते म्हणाले, "सूचना आली होती हो. जाहिरात वाढली, पान सरकलं, सूचना उडाली. तुम्हाला काय वेगळं सांगायचं?" खरंच, मला काय वेगळं सांगायचं.

१० डिसें., शुक्र.
सकाळपासून तिच्यासमोर जात नव्हतो. पाटी पुढे आली: "तोंड माझं बंद केलंय. तुमचं का बंद?"
सांगितलं. सगळं, टेपांसकट.
तिने पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं आणि हाताने पुसलं. मी वाचायच्या आत. पुन्हा विचारलं तर मान हलवली.
मला जास्त भीती त्या पुसलेल्याची वाटते.

१२ डिसें., रवि.
डोहाळजेवण झालं. बायकांनी गाणी म्हटली. मालतीने टाळ्यांवर ठेका धरला. प्रशांतना शुक्रवारीच फोनवर कळवलं होतं. सोनलने काही विचारलं नाही, म्हणजे त्यांनी सांगितलेलं दिसतंय.
प्रशांतने डिस्क काढून टॉवेलात गुंडाळली. "बाबा, आता ही चालूच करू नका. जितकं कमी कराल तितकं आत राहील." चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

१३ डिसें., सोम.
नारायण पेठेत एक दुकान आहे, गेलेल्या डिस्का वाचवून देतात. मालक आपटे. डिस्क हातात घेऊन म्हणाले, "कॉपी होती?"
"नाही."
"मग कन्व्हर्ट कशाला केलीत? हौस?"
मी म्हटलं, तुकडे नको होते.
"आता तुकडे मिळाले तर पेढे वाटा."
कधी विचारू, म्हटलं. "रोज विचारायला येऊ नका. तुम्ही आल्याने डिस्क वाचत नाही. बुधवारी दुपारी मीच फोन करीन. आहे किंवा नाही."
'सहसा' म्हणाले नाहीत.

१४ डिसें., मंगळ.
नवी रिकामी डिस्क प्रशांतने आणून ठेवली आहे. विचारत होते, फॅट करू की एनटीएफएस. म्हटलं, आधी तिच्यात ठेवायला काही मिळू दे.
उद्या दुपारी नेमकी सोनलची तपासणी, प्रशांतना सुट्टी नाही, मला वाघोलीला जावं लागणार. मालतीला म्हटलं, आपट्यांना परवा फोन करायला सांगतो, घरी कोणी नाही.
पाटी: "मी कोण?"
म्हटलं, फोन उचलून काय करशील?
"ऐकीन. कान शाबूत आहेत."
आपट्यांना तसं कळवलं. उद्या माझी पत्नी फोन उचलेल, पलीकडून हॅलो येणार नाही, तरी ठेवू नका. जे असेल ते सरळ सांगा. ते नेहमीसारखं काहीतरी बोलतील असं वाटलं. नुसतं "बरं" म्हणाले.
मालतीने आत्ताच खुर्ची फोनजवळ सरकवून घेतली आहे.