डावीकडचं बिऱ्हाड

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशीलच, कारण मी विचारल्यावर तू कधी दुसरं काही सांगितलं नाहीस. लेकीकडे करमतंय ना? इकडे दुकानात सगळं ठीक. प्रिंटर अजून कागद चावतो. तू टाईप केलेलं मास्तरांचं पुस्तक छापून आलं. तुझ्या टेबलाजवळच्या खिडकीला कडी बसवून घेतली, चार वर्षं म्हणत होतीस ती.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं, ठेव" म्हणशील, म्हणून पत्र.

तू गेल्यावर महिनाभर तुझ्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. तसा तुझा नियमच होता. मग काम तुंबलं आणि बसलो. उजवीकडचं 'क'चं बटण दाबलं तर काहीच उमटेना, आणि स्पेसबारला अंगठा लागला की डावीकडून भलतंच अक्षर. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, जाताना रागाने तू सगळं उलटंपालटं करून गेलीस. मेकॅनिकला बोलावून म्हटलं, पुसून टाक सगळं.

त्याने सगळी बटणं एकेक करून दाबून बघितली. मग म्हणाला, "दादा, हे बिघडलेलं नाही हो. हे कुणीतरी बसवलंय. आणि जाम डोकं लावून बसवलंय."

त्याने फोल्डर उघडून दिलं. कीबोर्डच्या मांडणीच्या एकवीस फाइली, सहा वर्षांच्या. पहिलीत च, ट, ज, ड, य एवढीच अक्षरं डावीकडे हललेली. सगळी उजव्या करंगळीने दाबायची. वर तुझी ओळ: 'करंगळी रजेवर.' दीड वर्षाने त आणि द गेले. 'अनामिका तिला आणायला गेली, तीही परत आली नाही.' मी हसलो. पुढची फाइल उघडल्यावर हसू आलं नाही.

शेवटची या मार्चची. तिच्यात उजवा हात नाहीच. डाव्या अंगठ्याने स्पेसबार दाबून धरला की उजवीकडची सगळी अक्षरं डाव्या बटणांवर येतात, आरशात दिसावीत तशी. वर लिहिलंयस, 'आता सगळं बिऱ्हाड डावीकडे.'

मेकॅनिकने स्टूल ओढून घेतलं आणि आम्ही दोघं तासभर तोंडात बोटं घालून बघत बसलो. तळटीप, समास, मास्तरांचे लांबलचक आवडते शब्द, सगळ्याला एकेक बटण. तीनशे चाळीस पानं तू अठरा दिवसांत लावलीस, ती एका हाताने! मला दोन हातांनी महिना पुरला नसता. जाताना त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "मी काही केलंच नाही, नुसतं शिकलो."

एका शॉर्टकटचं नाव होतं 'धांदल्याची झाडलोट'. चालवून बघितला. माझ्या पानांवरच्या दोन-दोन मोकळ्या जागा, उघडून बंद न केलेली अवतरणचिन्हं, विसरलेले पान क्रमांक, एका झटक्यात सगळं जागेवर. गिऱ्हाइकं माझं काम सफाईदार म्हणायची, आणि मी मान डोलवायचो.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. त्या दिवशी मास्तरांसमोर मी म्हणालो, "आमच्या ताई म्हणजे राणीसरकार. एक हात मांडीवर ठेवून काम करतात." मास्तर हसले. मीही हसलो. तू टेबलावर दुकानाची किल्ली ठेवलीस आणि जिना उतरून गेलीस.

सहा वर्षं हातभर अंतरावर बसून मला माझ्या बहिणीचा हात दिसला नाही. लाज वाटते, ताई. मला माफ कर.

तुझी मांडणी पुसू दिलेली नाही. हे पत्र तिच्यावरच लिहिलंय, चार दिवस लागले. काल 'बहीण' हा शब्द बटणांकडे न बघता जमला, तर दुकानात एकटाच ओरडलो. पत्रावर झाडलोट चालवलेली नाही, मोकळ्या जागा दिसतील तुला. डॉक्टरांना हात दाखवलास का ते कळव, आणि नुसतं 'ठीक आहे' लिहू नकोस. किल्ली पाकिटात घातली आहे. तू यावंस म्हणून नाही, असं लिहिणार होतो. पण यावंस म्हणूनच घातली आहे.

उजवा हात मांडीवर ठेवून,
तुझा धांदल्या