गुरुवारची खिचडी

मेहकर, गुरुवार, संध्याकाळ

माझा रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन कमी. डॉक्टरांनी सरळ माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. चरबी वाढली की हे हार्मोन घटतं म्हणे, आधी वजन उतरवा.

मूल व्हावं म्हणून चार वर्षं आम्ही नवरा-बायको गुरुवार धरतोय. रेखा नुसत्या पाण्यावर, आणि मी? दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचे लाडू. याला उपवास म्हणायचं? तपासण्या मात्र आजवर सगळ्या तिच्याच. मी दवाखान्याच्या बाकावर चिप्स खात बसलेला.

घरी आईनं खिचडी वाढूनच ठेवली होती. "खाय लवकर, थंडी होऊन राह्यली."

रेखानं रिपोर्ट वाचला, प्लेट स्वतःकडे ओढली आणि खायला लागली. म्हणाली, "चार वर्षं मी उपाशी राह्यली. आता तुम्ही राहा."