फक्त माझ्याच बाटल्या

४ जून
लागलो एकदाचा नोकरीला! शहर नवं, पण ताई-भाऊजी इथेच असल्यामुळे राहायचा प्रश्नच नाही. मागची खोली ताईने आधीच झाडून ठेवली होती. प्रयोगशाळा कशी लखलखीत! माझं काम पेशी वाढवायचं. चपट्या बाटलीत गुलाबी द्रव आणि तळाशी पेशींचा सायीसारखा थर. आमच्या प्रमुख बाईंनी समजावलं, की विषाणू एकटा असला की नुसता पडून असतो. पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेला स्वतःच्या नकला काढायला जुंपतो आणि मग तिला फोडून बाहेर पडतो. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, भाडेकरूने घरमालकालाच राबवायचं! हसलो. त्याच्याच कपातला चहा प्यायलो.

१२ जून
माझ्या बाटल्या मेल्या. पेशी गोल होऊन तरंगतायत. बाई म्हणाल्या, नवा हात आहे, होतं असं.

१७ जून
पुन्हा! द्रव बदलला, हातमोजे बदलले, पुसून पुसून खांदे भरून आले. दाढीवाल्याच्या बाटल्या मात्र ठणठणीत. बाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं, नाचता येईना अंगण वाकडं. मी काय मुद्दाम मारतोय?

१९ जून
वैतागून स्वतःची थुंकी गाळली. गाळणी इतकी बारीक, की जिवाणू अडकतात, विषाणूच तेवढे निसटतात. त्यातला थेंब एका चांगल्या बाटलीत टाकला. दुसरीत दाढीवाल्याकडून मागून घेतलेल्या थुंकीचा, तसाच गाळून.

२१ जून
माझी मेली, त्याची शाबूत. मेलेलीतला थेंब तिसरीत टाकला, तीही गेली. नुसतं विष असतं तर पातळ होत गेलं असतं. हे वाढतंय. माझ्यात.
मला ना ताप, ना शिंक. डॉक्टरांनी हसून घरी पाठवलं. बाई म्हणाल्या, आधी बाटल्या घालवल्या, आता सबबी.

२४ जून
दाढीवाला आला नाही. रात्रीतून ताप चढला म्हणे, श्वास लागलाय.

२६ जून
तो गेला. बाई दवाखान्यात. ज्याला त्याला सांगतोय, मला वेगळं ठेवा. सगळे म्हणतात, धक्का बसलाय, विश्रांती घे. कुणाकुणापुढे डोकं आपटू!

२७ जून
भाऊजींना दवाखान्यात नेलं. मी खोलीला आतून कडी घातलीय. ताईला सांगून थकलो, ती म्हणते तुला कामाचा ताण आलाय, दार उघड, दोन घास खा.

२८ जून
ताई दार बडवतेय. लांब राहा म्हणून जीव खाऊन ओरडलो — आणि मग कळलं, ओरडण्यानेच तर — फटीतून —
तोंडात टॉवेल कोंबलाय.
कुणीतरी खोकलं. मी नाही. भाऊजी तर घरी नाहीत —

दाराच्या फटीत पेचकस घातलाय तिने. कडी हलतेय. म्हणते, घाबरू नकोस रे, मी आहे ना.
ताई, नको, तू आधीच —
श्वास रोखून धरलाय. किती वेळ धर